केन टोड पोहोचण्याआधी: पिलबारातील मराठी खाण-मंडळींना खुले पत्र

प्रति,
पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातील लोहखाणींत, तिथल्या रेल्वेमार्गांवर व बंदरांत आणि पर्थमधील कार्यालयांत काम करणारे मराठी अभियंते, भूवैज्ञानिक, नियोजक, कंत्राटदार आणि कामगार यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण ज्या लोहखनिजाच्या टेकड्यांवर काम करता, त्याच टेकड्यांच्या कपारींत नॉर्दर्न क्वोल हा ठिपकेदार मांसाहारी प्राणी राहतो. साइटवरच्या पहिल्या दिवशीच्या पर्यावरण-प्रशिक्षणात त्याचे छायाचित्र आपण पाहिले असेल. तो संकटग्रस्त आहे, त्याला खायला घालू नये, रात्री गाडी सावकाश हाकावी, एवढे सांगून झाले की पुढची स्लाइड येते. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पर्यावरण कायद्याखाली 2005 सालापासून तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. तो त्या यादीत का गेला, पिलबारातले क्वोल अजून का तगून आहेत आणि त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे मात्र त्या स्लाइडवर नसते. वाढून ठेवले आहेत ते केन टोड नावाचे विषारी भेक. ते उत्तरेकडच्या किम्बर्ली प्रदेशातून पिलबाराच्या दिशेने सरकत आहेत आणि त्यांना अडवता येईल अशी एकच जागा वाटेत आहे. त्या जागेवरचे काम वेळेत आणि पुरेशा पैशाने व्हावे यासाठी खाण-उद्योगाने आपले वजन खर्च करावे, आणि उद्योगाने तसे करावे म्हणून आपण आतून बोलावे, ही या पत्रामागची विनंती आहे.

मी येथे वन्यजीव-सर्वेक्षणाचे काम करतो. मंत्र्यांना निवेदने पाठवणे शास्त्रज्ञ करतच असतात. पण पिलबारातले रस्ते, रेल्वे, विमानतळ आणि मनुष्यबळ ज्यांच्या हाती आहे त्या उद्योगाने एखादी गोष्ट मागितली, तर तिचे वजन वेगळे पडते. पर्थमध्ये गणपतीच्या दिवसांत कुणाच्याही घरी जेवायला बसावे, तर पंगतीतली बरीच माणसे खाणींशी या ना त्या नात्याने जोडलेली निघतात. तेव्हा हे पत्र मराठीतूनच लिहिणे मला सोयीचे वाटले.

आधी प्राण्याविषयी. ऑस्ट्रेलियातल्या चार क्वोल-प्रजातींपैकी हा सर्वांत लहान. मोठा नर अर्धा-पाऊण किलोचा, क्वचित त्याहून जड. मादी बरीच हलकी. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येक क्वोलच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. ताडोब्यात कॅमेरा-ट्रॅपच्या छायाचित्रांतून पट्ट्यांवरून वाघ ओळखतात आणि मोजतात, तीच पद्धत इथे ठिपक्यांवर चालते. ज्या कामांना प्राणी हातात घ्यावा लागतो, त्यांसाठी पिंजरे लावतो. ओट्स, पीनट बटर आणि सार्डीन माशांचा गोळा आत ठेवायचा, पिंजरा कपारीच्या सावलीत टेकवायचा आणि खडक तापण्याआधी सगळे पिंजरे तपासून मोकळे करायचे. पकडलेली मादी कापडी पिशवीतून हळूच बाहेर घेऊन उताणी केली की मोसमात जे दिसते ते प्रत्येकाने एकदा तरी पाहावे. कांगारूसारखा खोल खिसा तिला नसतो. पोटावर त्वचेची एक घडी असते, तिच्यात बहुधा आठ स्तनाग्रे, आणि प्रत्येक स्तनाग्राला एकेक लालसर, डोळे मिटलेले, अंगावर लव नसलेले पिल्लू घट्ट चिकटलेले. मादी गुरगुरते, चावायला बघते, आणि ती पिल्ले जागची हलत नाहीत. दोनेक महिन्यांनी ती पिशवीत मावेनाशी झाली की आई त्यांना बिळात ठेवून रात्री शिकारीला जाऊ लागते, आणि तिथून पुढचे महिने त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याचे असतात.

या प्राण्याचे खरे वेगळेपण नरांत आहे. वर्षातून एकदाच येणाऱ्या विणीच्या हंगामात नर माद्यांच्या शोधात अक्षरशः झिजतात. त्यांचे वजन घटते, केस गळतात, अंगावर परजीवी वाढतात, आणि हंगाम संपता संपता जवळजवळ सगळे नर मरतात. तेव्हा त्यांचे वय असते एक वर्ष. ग्रूट आयलंड बेटावर क्वोलच्या अंगावर हालचाल टिपणारी यंत्रे लावून केलेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका नराने एका रात्रीत 10.4 किलोमीटर भटकंती केल्याचे आढळले, आणि नर माद्यांपेक्षा कितीतरी कमी विश्रांती घेतात असेही दिसले. आयुष्यात एकाच हंगामात प्रजनन करून मरण्याची अशी रीत असलेला याहून मोठा सस्तन प्राणी ज्ञात नाही. माद्यांपैकी काही दुसऱ्या वर्षी पुन्हा वितात, तिसऱ्या वर्षापर्यंत फारच थोड्या पोहोचतात.

याचा हिशेब आपल्यासारख्या आकड्यांत रमणाऱ्या माणसांना चटकन कळेल. मादी एकदाच व्यायली आणि तिला आठ पिल्ले झाली असे धरले, तर संख्या स्थिर राहण्यासाठी त्या आठांतून सरासरी दोन, म्हणजे एक नर आणि एक मादी, पुढच्या हंगामापर्यंत जगली की पुरे. चांगल्या वर्षी याहून जास्त जगतात, आणि म्हणूनच क्वोलची संख्या भराभर वाढूही शकते. पण वाघाच्या किंवा हत्तीच्या समष्टीत, म्हणजे एका प्रदेशातल्या त्यांच्या एकूण संख्येत, एखादे वर्ष वाईट गेले तरी प्रौढ प्राणी शिल्लक असतात आणि पुढच्या वर्षी भरपाई करतात. क्वोलच्या समष्टीत प्रौढ नरांची शिल्लक नावाची गोष्टच नाही. घरातला सगळा दाणा दरवर्षी पेरून टाकणाऱ्या आणि कणगीत काही न ठेवणाऱ्या शेतकऱ्यासारखी ही रीत आहे. एक हंगाम पूर्ण बुडाला तर पुढच्या पेरणीला बी नाही. पिलबारातल्या क्वोलवर केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या गणिती अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता: समष्टी टिकणे हे सर्वांत जास्त अवलंबून आहे ते पिल्ले किती जगतात यावर. म्हणूनच "सध्या संख्या ठीक आहे" हे वाक्य मला या प्राण्याच्या बाबतीत फारसा दिलासा देत नाही. ठीक असलेली संख्या दोन वर्षांत शून्यावर येऊ शकते, आणि तशी ती आल्याचे उदाहरण समोर आहे.

त्या उदाहरणाकडे जाण्यासाठी उसाच्या शेतातून जावे लागते. हुमणीने ऊस कसा वाळतो हे सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. वळवाच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर आणि बाभळीवर भुंगेरे जमतात आणि पुढे त्यांच्या अळ्या मुळे कुरतडतात. क्वीन्सलँडच्या ऊसकऱ्यांचीही हीच डोकेदुखी होती. तिच्यावर उपाय म्हणून 1935 साली हवाईहून मूळ अमेरिका खंडातले शंभरच्या आसपास केन टोड आणले गेले आणि गॉर्डनव्हेल येथे त्यांची पैदास करून पिल्ले शेतांत सोडली गेली. भुंगेरे उसाच्या शेंड्याकडे आणि अळ्या जमिनीखाली, मध्ये टोड. त्यामुळे हुमणी काही हटली नाही. टोड मात्र पसरत गेले. एका मादीची अंडी हजारोंच्या संख्येत असतात. सुरुवातीच्या दशकांत त्यांची आघाडी वर्षाला साधारण 10 किलोमीटर सरकत होती. पुढे उत्तरेच्या सपाट मुलखात तो वेग 50 किलोमीटरच्या वर गेला, कारण आघाडीवर तेच टोड पोहोचतात ज्यांचे पाय लांब आणि चाल वेगवान, आणि त्यांची संतती आणखी वेगवान निपजते. 2001 साली ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात पोहोचले, 2009 साली त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा ओलांडली.

टोडच्या डोक्यामागे मोठ्या ग्रंथी असतात आणि त्यांतले विष हृदयाचे ठोके बिघडवते. भारतात भेक पूर्वापार आहेत आणि त्यांना खाणारे सापही आहेत. आशिया आणि आफ्रिकेतल्या घोरपडींच्या पेशींतल्या एका प्रथिनात झालेले अगदी थोडे बदल त्यांना भेकांच्या विषापासून वाचवतात, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समजले. ऑस्ट्रेलियात स्थानिक भेक कधीच नव्हते. तिथल्या घोरपडींना आणि क्वोलना हे संरक्षण मिळायचे कारणच पडले नाही. समोर उड्या मारणारे, सावकाश हलणारे, मांसल भक्ष्य दिसले की क्वोल त्याच्यावर झडप घालतो आणि पुष्कळदा तिथेच मरतो.

काकाडूत हेच घडले. क्वोलची पीछेहाट तिथे टोड येण्याच्या आधीच सुरू झाली होती. कोरड्या ऋतूच्या अखेरीस लागणारे मोठे वणवे, गुरांनी उघडी केलेली जमीन आणि रानमांजरे ही तिची कारणे मानली जातात. टोड आल्यावर काही वर्षांतच उद्यानाच्या बहुतेक भागांतून क्वोल दिसेनासे झाले. धोका ओळखून 2003 साली 64 क्वोल आर्न्हेम लँडच्या किनाऱ्यालगतच्या ॲस्टेल आणि पोबासू या टोड नसलेल्या बेटांवर नेऊन सोडण्यात आले. तिथे त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. पुढच्या काही वर्षांत सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरी युक्ती शोधली: टोडच्या मांसात मळमळ आणणारे औषध मिसळून ते क्वोलना खाऊ घालायचे, म्हणजे एकदा पोटात ढवळून आले की तो प्राणी टोडच्या वाटेला जात नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने मोठी आशा निर्माण केली, आणि असे शिकवलेले क्वोल टोड असलेल्या प्रदेशात खरोखरच अधिक काळ जगले.

पण पुढची गोष्ट वाचल्याशिवाय कुणी या युक्तीवर विसंबू नये. 2016 साली ॲस्टेल बेटावरचे क्वोल टोड टाळायला शिकवून काकाडूत परत सोडले. टोडपासून ते बऱ्यापैकी वाचले, पण डिंगो कुत्र्यांनी त्यांना टिपून काढले. शिकारी नसलेल्या बेटावर अवघ्या तेरा पिढ्यांत त्यांची डिंगोविषयीची उपजत सावधगिरी निघून गेली होती. एका संकटापासून वाचवायला जावे तर दुसऱ्याची जाण हरवते, असे हे त्रांगडे आहे. क्वीन्सलँडमध्ये काही खडकाळ डोंगरांत टोडबरोबर राहूनही क्वोल टिकले आहेत आणि टोड टाळण्याचा त्यांचा कल पिल्लांत उतरतो असेही आढळले आहे. "म्हणजे आपोआप जमवून घेतील" असा युक्तिवाद त्यावरून मी ऐकला आहे. ते टिकले हे खरे. पण आजूबाजूचा केवढा प्रदेश रिकामा झाल्यावर ते तेवढे टिकले, हे त्या युक्तिवादात गाळले जाते.

पिलबाराचे क्वोल जनुकीयदृष्ट्या किम्बर्लीच्या क्वोलपासून वेगळे आहेत आणि मुख्य भूमीवरच्या ज्या थोड्या समष्ट्यांनी टोड अजून पाहिलेले नाहीत त्यांत मोडतात. त्यांच्या आणि टोडच्या मध्ये भूगोल उभा आहे. किम्बर्लीतल्या ब्रूम या किनारी शहराच्या दक्षिणेला ग्रेट सँडी वाळवंट जवळजवळ समुद्राला भिडते आणि एटी माइल बीचच्या बाजूने राहण्याजोगा केवळ एक अरुंद किनारी पट्टा उरतो. टोडची त्वचा पाणी धरून ठेवत नाही. कोरड्या ऋतूत त्याला काही दिवसांच्या आत ओल मिळाली नाही तर तो मरतो. या पट्ट्यात नैसर्गिक पाणी फार कमी आहे. आहे ते गुरांसाठी बोअरने उपसलेले: टर्की नेस्ट म्हणतात ती मातीच्या बांधाची उघडी तळी, गळक्या टाक्या आणि गव्हाणी. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर, असे करत टोड पावसाळ्यात पुढे सरकतील. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हाच धागा पकडला. योग्य पट्टा निवडून तिथले सुमारे शंभर कृत्रिम पाणवठे टोडला वापरता येणार नाहीत असे केले, तर सुमारे 2,68,000 चौरस किलोमीटर प्रदेश टोडपासून वाचू शकतो असे त्याने दाखवले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून हा आकडा थोडासाच कमी आहे. उपायही रॉकेट बनवण्याचा नाही: उघड्या तळ्याऐवजी बंद टाकी, चढता न येणाऱ्या गव्हाणी, गळती न होणारे नळ आणि नियमित देखरेख. पशुपालकाचे पाणीही त्यात वाचते. ही भूमी कराजारी आणि न्यांगुमार्ता या लोकांची आहे, तिथे त्यांचे स्वतःचे वनरक्षक आहेत, आणि त्यांच्या सहभागाविना ही योजना उभी राहणार नाही.

आक्षेप रास्त आहेत. एखाद्या चक्रीवादळाच्या वर्षी सारा पट्टाच ओला झाला तर? म्हणूनच पट्टा रुंद हवा, आणि एका पावसाळ्यात टोड किती दूर जातात याचा विचार त्या गणितात केलेला आहे. पाणवठे शंभराऐवजी दीडशे निघाले तर? तर दीडशे बदलावेत. क्वोल पिलबारात सर्वत्र उभ्या खडकांत राहतात, मग टोड नदीकाठीच राहतील, असेही म्हटले जाते. पण नर क्वोल एका रात्रीत किती भटकतो हे वर सांगितलेच आहे. आणि पिलबारात खडकाच्या घळीतले डोह हेच क्वोल आणि टोड दोघांचेही आवडते ठिकाण ठरणार आहे. एक अडचण मात्र वेळेची आहे. पट्टा टोड पोहोचण्याआधी कोरडा व्हायला हवा. ते आत शिरल्यावर टाक्या बसवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होईल.

आता आपल्याकडून काय हवे ते. पिलबारात झाडोरा तोडून खाण काढली की कंपनीला भरपाईपोटी पैसा द्यावा लागतो. त्यातला बराच पिलबारा पर्यावरण भरपाई निधीत जमा होतो. भरपाईचा पैसा कुंपण, तणनियंत्रण, संशोधन अशा ठिकाणी जातो, आणि त्यातली पुष्कळ कामे चांगली आहेत. पूर्वी एका लोहखनिज कंपनीच्या भरपाईतूनच यारालूला येथे रानमांजरांवरच्या विषारी आमिषाची चाचणी झाली आणि गळपट्टे लावलेल्या क्वोलना त्या आमिषाने इजा होत नाही, हे कळले. दुसरीकडे, खाणीत गेलेल्या बिळांच्या बदल्यात दगड रचून केलेल्या कृत्रिम बिळांचा अभ्यास झाला तेव्हा तिथे भक्ष्य कमी आणि मांजरांच्या फेऱ्या जास्त, असे आढळले. खडक एकदा फोडला की तसाच्या तसा रचता येत नाही, हे आपल्यातल्या भूवैज्ञानिकांना मी काय सांगावे. या पार्श्वभूमीवर माझे स्पष्ट मत असे आहे की पिलबाराच्या सीमेबाहेर, दोनशे-तीनशे किलोमीटर दूर असलेल्या त्या पाणवठ्यांवर खर्च केलेला पैसा पिलबारातल्या क्वोलना खाणीशेजारच्या कुठल्याही कृत्रिम बिळापेक्षा जास्त उपयोगी पडेल. "आमच्या लीजच्या बाहेर" हा शेरा जिथे फाइलवर पडतो, तिथे आपल्यापैकी कुणी तरी बसलेला असतो. त्याने तो शेरा मारण्याआधी पुन्हा विचार करावा.

नियोजनात आणि पर्यावरण-विभागात असलेल्यांना आणखी एक मागणे आहे. मंजुरीसाठी केलेली सर्वेक्षणे सरकारी निर्देशिकेत जातात, पण त्यानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या देखरेखीची कॅमेरा-छायाचित्रे पुष्कळदा कंपनीच्या सर्व्हरवरच पडून राहतात. ठिपक्यांवरून एकेक प्राणी ओळखता येत असल्याने त्या छायाचित्रांतून कोणता क्वोल किती वर्षे जगला, कुठून कुठे गेला, पिल्लांतली किती मोठी झाली, हे सगळे काढता येते. टोड येण्याआधीची अशी आकडेवारी उद्या कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही. ती संशोधकांना खुली करावी. कॅम्पच्या स्वयंपाकघरामागचा ओला कचरा झाकलेला असावा, हे नेहमीचेच. त्यावर मांजरे पोसली जातात.

शेवटी मालवाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी. टोड स्वतःच्या पायांनी जेवढे जातात त्याहून दूर ते पॅलेटखाली, पाइपांत आणि गुंडाळलेल्या ताडपत्रीत बसून जातात. डार्विन, कुनुनुरा किंवा ब्रूमकडून ग्रेट नॉर्दर्न हायवेने येणाऱ्या रोड ट्रेनचा (अनेक ट्रेलर जोडलेल्या लांब ट्रकचा) माल उतरवताना, विशेषतः पावसाळ्यात, खालची बाजू आणि ओलसर कोपरे बघण्याची पायरी आपल्या तपासणी-यादीत घालावी. संशयित प्राणी दिसला तर हातमोजे घालून डब्यात बंद करावा, जवळून छायाचित्र काढावे आणि राज्याच्या कृषी खात्याच्या मायपेस्टगाइड रिपोर्टर या ॲपवर पाठवावे. ओळख पटेपर्यंत त्याला मारू नये, कारण पिलबारात जमिनीत पुरून राहणारे गुबगुबीत स्थानिक बेडूक आहेत आणि लोक त्यांनाच टोड समजून ठेचतात.

आपला नम्र,
पश्चिम ऑस्ट्रेलियातील एक मराठी वन्यजीव-सर्वेक्षक